जॉर्जकुट्टी आणि विजय साळगावकर: कथा एक, सिनेमे दोन

‘दृश्यम’चा विषय निघाला की गप्पांमध्ये हमखास घोळ होतो. एक जण हिंदीतल्या पणजीच्या सत्संगाबद्दल बोलत असतो, दुसरा मल्याळममधल्या जॉर्जकुट्टीबद्दल, आणि दोघांनाही वाटत असतं की आपण एकाच सिनेमाबद्दल बोलतोय. ‘मी मल्याळम सिनेमा हिंदीत डब केलेला पाहिलाय’ असं कुणी सांगतं. जरा खोदून विचारलं की कळतं, पाहिलाय तो अजय देवगणचा. तो डब नव्हे. डबिंगमध्ये चित्र तेच असतं, नट तेच असतात, फक्त तोंडातली भाषा बदलते. रिमेकमध्ये कथेचे हक्क घेऊन पहिल्या फ्रेमपासून सगळं नव्याने उभं करतात. मल्याळम आणि हिंदी ‘दृश्यम’ हे असे दोन स्वतंत्र सिनेमे आहेत. घरी बसून ओळीने दोन्ही पाहिले, तर ते किती वेगळे आहेत हे लख्ख दिसतं.

पुढे कथेतली युक्ती सांगणार आहे, पण शेवटचं रहस्य नाही. एकही पाहिला नसेल तर आधी पाहून या.

मूळ सिनेमा डिसेंबर २०१३ चा. लेखन-दिग्दर्शन जीतू जोसेफ यांचं आणि मुख्य भूमिकेत मोहनलाल. हिंदी सिनेमा ३१ जुलै २०१५ ला आला. त्याचे दिग्दर्शक निशिकांत कामत, आणि हिंदी रूपांतर उपेंद्र सिधये यांचं. याच कथेवर २०१४ मध्ये कन्नड आणि तेलुगू, २०१५ मध्ये तमिळ आणि पुढे सिंहली व चिनी भाषांतही सिनेमे निघाले. एवढ्या ठिकाणी चालणारी कथा मुळात भक्कम असणारच. चौथीच्या पुढे न शिकलेला, गावात केबलचा धंदा करणारा, रात्र रात्र सिनेमे पाहणारा माणूस. त्याच्या मुलीच्या हातून, स्वतःची अब्रू वाचवताना, एका मुलाचा जीव जातो. तो मुलगा निघतो थेट पोलीस महानिरीक्षक बाईंचा. मग हा बाप सिनेमांतून शिकलेलं सगळं पणाला लावून घर वाचवायला निघतो.

इथपर्यंत दोन्ही सारखेच. फरक सुरू होतो तो माणसापासून.

मोहनलालचा जॉर्जकुट्टी पहिल्या तासात आपल्याला जवळजवळ काहीच ‘करून’ दाखवत नाही. चहाच्या टपरीवर बसतो, बायकोशी खर्चावरून हुज्जत घालतो, सासुरवाडीची थट्टा करतो, हवालदार सहदेवनच्या हप्तेखोरीवर चारचौघांत बोलतो. गुन्हा घडायला तासभर लागतो. घरी पाहताना अनेक जण हा भाग पुढे ढकलतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सिनेमाचा पाया तिथेच भरलेला आहे. या तासात आपण त्या गावाचे होतो. पुढे पोलीस चौकशीला येतात तेव्हा गावकरी त्याच्या बाजूने उभे राहतात, ते आपल्याला पटतं, कारण त्याने ती माणसं आयुष्यभर जोडलेली आपण पाहिलेली असतात.

अजय देवगणचा विजय साळगावकर पहिल्यापासूनच काहीतरी मनात दाबून ठेवल्यासारखा वाटतो. नजर जड, बोलणं मोजकं. हा माणूस वेळ आली की भारी पडणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. त्यात आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर देवगणचाच २०११ चा ‘सिंघम’ असतो, आणि तोही गोव्यातच घडणारा. त्यामुळे गायतोंडे नावाचा पोलीस त्याला मारतो तेव्हा आपण ‘हा उलटा हात कधी उचलतोय’ याची वाट पाहत बसतो. मोहनलालला मार बसतो तेव्हा अशी वाट पाहावीशी वाटत नाही, पोटात गोळा येतो. मोहनलाल केरळात काही लहान स्टार नाही; तरीही तो स्टारपण दाराबाहेर ठेवून आत येतो. माझ्या मते मूळ सिनेमा इथेच वरचढ ठरतो.

घरच्यांना पढवण्याचा प्रसंग दोन्ही सिनेमांत पाहा. पोलीस सगळ्यांना वेगवेगळं बसवतील, घाबरवतील, धाकटीला आधी गाठतील, हे बाप समजावून सांगतो. मोहनलालच्या आवाजात मुलीचा अभ्यास घेणाऱ्या बापाची चिकाटी आहे आणि तळाशी भीती आहे. देवगणच्या आवाजात योजना आहे. दोन्ही परिणामकारक आहेत, पण पहिल्यात वाटतं की हे कधीही कोसळेल, दुसऱ्यात वाटतं की हा पार पाडणारच.

आता युक्तीकडे. खोटे साक्षीदार उभे करायचे नाहीत, खऱ्याच माणसांना चुकीची तारीख खरी वाटायला लावायची, ही या कथेची अक्कल. बसचा कंडक्टर, हॉटेलचा मॅनेजर, थिएटरमधला प्रोजेक्टर चालवणारा: या सगळ्यांना तो पुन्हा भेटतो आणि बोलता बोलता आपण कोणत्या दिवशी आलो होतो ते त्यांच्या डोक्यात पेरून येतो. पोलिसांसमोर ती माणसं शपथेवर सांगतात, आणि ती खोटं बोलत नसतात. मल्याळममध्ये यासाठी निमित्त आहे तोडुपुळ्यातलं ध्यानशिबिर. केरळच्या ख्रिस्ती कुटुंबांत अशा प्रार्थना-शिबिराला सहकुटुंब जाणं अगदी नेहमीचं. हिंदीत कुटुंब गोव्यातलं हिंदू झालं, म्हणून शिबिराच्या जागी पणजीतला स्वामी चिन्मयानंदांचा सत्संग आला आणि तारीख २ ऑक्टोबर झाली. रूपांतर म्हणून हा बदल मला फार नेटका वाटतो. गांधी जयंतीची सुट्टी, सत्संग, मग हॉटेलात पावभाजी, सिनेमा: आपल्याकडचं कुठलंही मध्यमवर्गीय घर सुट्टीला असंच बाहेर पडतं. २ ऑक्टोबर आला की लोक आजही पावभाजीची आठवण काढतात, ते उगाच नाही. तारीख लक्षात राहण्यावर उभी असलेली कथा आणि लक्षात राहणारी तारीख, हे जमून आलंय.

पण जागा बदलताना एक गोष्ट निसटलीच. पोंडोली गावचे साळगावकर घरात आपापसांत कोकणी बोलतील, महानिरीक्षक मीरा देशमुख घरी मराठी बोलतील. पडद्यावर सगळे एकाच स्वच्छ हिंदीत बोलतात. हिंदी सिनेमाचा हा रिवाज आहे हे मान्य, पण गोवा-कोकणातल्या प्रेक्षकाला ते खटकतं. कमल हासनने तमिळ रूपांतरात तिरुनेलवेलीची बोली आवर्जून धरली, म्हणजे हे करता येतं. हिंदीत थोडी मातीची चव आली ती मराठी नटांमुळे: गायतोंडे झालेले कमलेश सावंत आणि विजयकडे काम करणारा जोस झालेला प्रथमेश परब. कमलेश सावंतांचा गायतोंडे अंगावर येतो. मूळचा सहदेवन साकारणारे कलाभवन शाजोन तर तोवर विनोदी नट म्हणून ओळखले जात. त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकाला बसलेला धक्का आणखी मोठा असणार.

हिंदीची बाजू निर्विवाद जड आहे ती तब्बूमुळे. आशा शरत यांनी महानिरीक्षक आईची ही भूमिका मल्याळम, कन्नड आणि तमिळ अशा तीन भाषांत केली, आणि त्यांची गीता प्रभाकर कडक, करारी आहे. तब्बूची मीरा त्याहून गुंतागुंतीची. ती चौकशी करताना अधिकारी असते आणि त्याच वाक्याच्या शेवटी आई होते, आणि तो सांधा कुठे झाला ते सापडत नाही. मुलाच्या वागण्याची सत्यं तिच्यापर्यंत पोहोचतात तेव्हाचा तिचा चेहरा थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहावा असा आहे. तिच्यामुळे हिंदी सिनेमा दोन तोडीस तोड माणसांची झुंज बनतो. मल्याळम सिनेमा मात्र एका कुटुंबाची आणि त्याला धरून असलेल्या गावाची गोष्ट राहतो. दोन्हींची तुलना करताना मला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो.

कामतांबद्दल एक सांगायला हवं. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) मधून पिचलेल्या मध्यमवर्गीय माणसाचा स्फोट दाखवणारा हा दिग्दर्शक. त्याच सिनेमाचा तमिळ रिमेक त्यांनी २००७ मध्ये माधवनला घेऊन स्वतःच केला होता. एका भाषेतलं घर दुसऱ्या भाषेत कसं हलवायचं याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, आणि ‘दृश्यम’मध्ये तो दिसतो. ऑगस्ट २०२० मध्ये वयाच्या पन्नाशीत ते गेले. मराठी माणूस म्हणून नाही, पण चांगला दिग्दर्शक म्हणून त्यांची उणीव खरोखर जाणवते.

आधी कोणता पाहावा? सबटायटल वाचायची सवय असेल तर मल्याळम, बिनदिक्कत. घरात वाचायचा कंटाळा करणारी मोठी माणसं सोबत असतील तर हिंदी लावा. त्यांची फसवणूक होणार नाही. दुसऱ्या भागाच्या बाबतीत मात्र सरमिसळ करू नका. मल्याळमचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२१ मध्ये थेट ॲमेझॉन प्राइमवर आला, पुन्हा जीतू जोसेफ यांचाच. हिंदीचा दुसरा भाग नोव्हेंबर २०२२ मध्ये थिएटरात आला. दिग्दर्शक अभिषेक पाठक, आणि नवा तपास अधिकारी अक्षय खन्ना. ज्या भाषेत पहिला भाग पाहिलात त्याच भाषेत दुसरा पाहा. पहिल्या भागातल्या बारीकसारीक जागा, माणसं आणि तारखा दुसऱ्यात पुन्हा उघडल्या जातात, आणि जॉर्जकुट्टीच्या आठवणी घेऊन विजयच्या घरात शिरलात तर अर्धी मजा हातची जाते.