हेझिंग आणि वांशिक विषमता

हेझिंग : अमेरिकेतील महाविद्यालयांत फ्रॅटर्निटी (विद्यार्थ्यांची बंधुसंघटना), सोरोरिटी (विद्यार्थिनींची भगिनीसंघटना), बँडपथक किंवा क्रीडासंघ यांत प्रवेश मागणाऱ्या नवख्याला अपमान, मारहाण, जागरण किंवा सक्तीचे मद्यपान सोसायला लावण्याचा प्रघात. रॅगिंगशी त्याचे साम्य असले, तरी रॅगिंग बहुधा वाट्याला येते, हेझिंग मात्र उमेदवार सभासदत्वाच्या ओढीने पत्करतो. म्हणूनच अनेक राज्यांचे कायदे पीडिताची संमती हा आरोपीचा बचाव मानत नाहीत.

वंशाचा प्रश्न येतो तो छळाच्याही आधी, दारातच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक फ्रॅटर्निटींच्या घटनांत सभासदत्व गोऱ्यांपुरते राखणारी कलमे होती. ती गेल्यावरही निवड जुन्या सभासदांच्या मर्जीवर राहिल्याने भेद टिकला. अलाबामा विद्यापीठातील पूर्वापार गोऱ्या सोरोरिटींनी कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना उघडपणे दारे खुली केली ती 2013 मध्ये, तीही जाहीर टीका झाल्यावर. या वगळणुकीतूनच 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी स्थापन झाली आणि 1930 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अशा संघटनांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली.

छळाचे रूपही वेगळे पडत गेले. गोऱ्या फ्रॅटर्निटींतील मृत्यू मुख्यतः अतिमद्यपानाने झालेले दिसतात. कृष्णवर्णीय संघटनांत लाकडी फळीचे फटके आणि ठोसे अधिक आढळतात. या फटक्यांत काही अभ्यासकांना गुलामगिरीतील चाबकाचे पडसाद ऐकू येतात. मात्र फळीची शिक्षा एकेकाळी शाळांत आणि गोऱ्या फ्रॅटर्निटींतही रूढ होती, हे विसरता येत नाही. परिषदेच्या संघटनांनी 1990 मध्ये सभासदत्वाआधीचा उमेदवारीचा काळच रद्द केला, तेव्हा त्या काळातला छळाचा विधी थांबण्याऐवजी चोरून होऊ लागला, आणि त्यावर नजर ठेवणारे कोणी उरले नाही.

शिक्षेतील तफावत हा सर्वांत वादग्रस्त भाग. फ्लोरिडातील एका कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या बँडमधील ड्रम मेजर (पथकाचे नेतृत्व करणारा विद्यार्थी) 2011 मध्ये बसमधील मारहाणीत मरण पावला. एका आरोपीला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांहून अधिक कैद झाली. पेनसिल्व्हेनियात 2017 मध्ये बहुतांशी गोऱ्या सभासदांच्या फ्रॅटर्निटीच्या घरात मद्यपानानंतर जिन्यावरून पडून एक विद्यार्थी दगावला. तेथे मनुष्यवधाचे आरोप टिकले नाहीत आणि दोन प्रमुखांना 2024 मध्ये दोन ते चार महिन्यांची कैद सुनावली गेली. दोन्ही राज्यांचे कायदे आणि कृत्यांचे स्वरूप निराळे असल्याने या जोडीवरून थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगच्या घटना जाहीर करणे बंधनकारक केले.