एसएमपीएस दुरुस्त करावा की बदलावा?

बटण दाबूनही संगणक चालू झाला नाही की दुकानात ‘एसएमपीएस गेला’, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा बिघडला, एवढेच सांगितले जाते; पण या एका वाक्यात अगदी वेगळ्या स्वरूपाचे दोन बिघाड दडलेले असतात आणि दुरुस्त करावा की बदलावा, हे त्यांतला कोणता झाला आहे यावर ठरते.

पहिला बिघाड कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग, सुकण्याचा. आउटपुटच्या बाजूचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू निकामी होतात, त्यांचा सपाट माथा फुगतो, कधी त्यावर तपकिरी द्रव वाळलेला दिसतो. असा संगणक दोन-तीन प्रयत्नांनी चालू होतो, गेम किंवा व्हिडिओचा भार पडला की रीस्टार्ट होतो, आणि त्या वेळी १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर मल्टिमीटर ११.४ व्होल्टच्या खाली उतरलेला आढळतो. मूळ एसएमपीएस चांगल्या प्रतीचा असेल, तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच व्होल्टचे, कमी ईएसआरचे (म्हणजे अंतर्गत रोध कमी असलेले) आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे कपॅसिटर बसवून घेणे मला योग्य वाटते. नुसता पंखा अडकला असेल, तर प्रश्नच नाही, पंखा बदलावा.

दुसरा बिघाड फ्यूज उडण्याचा, आणि खरी फसगत इथेच होते. फ्यूजची काच आतून काळी पडली असेल, तर बहुधा मॉस्फेट (वीज वेगाने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) शॉर्ट झालेला असतो. म्हणजे फ्यूज हा बिघाड नसून बिघाडाची खूण आहे. नवा फ्यूज टाकला तर तोही तत्क्षणी उडतो. मॉस्फेट जाताना अनेकदा त्याला चालवणाऱ्या चिपलाही, म्हणजे कंट्रोलर आयसीलाही, सोबत नेतो, त्यामुळे एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा नवा एसएमपीएस घेणेच बरे, कारण त्याच्यावर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही विसंबून असतात.

मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरला, तरी एसएमपीएस निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. तो भाराविना चालू होतो, इतकेच त्यातून कळते. झाकण मात्र जाणकारानेच उघडावे. २३० व्होल्टचा पुरवठा आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो, आणि प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो.

नवा मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस घेतल्यास जुन्याच्या केबल वापरू नयेत. प्लग नेमका बसला, तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळू शकते.