प्रेसिडिओ, सॅन फ्रान्सिस्को

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वायव्य टोकावर असलेला जुना लष्करी तळ व विद्यमान सार्वजनिक उद्यान. क्षेत्रफळ १,४९१ एकर (सु. ६०३ हेक्टर). उत्तरेस सॅन फ्रान्सिस्को उपसागर व गोल्डन गेट सामुद्रधुनी, पश्चिमेस पॅसिफिक महासागर, पूर्वेस व दक्षिणेस शहराची दाट वस्ती. गोल्डन गेट पुलाचे दक्षिण टोक याच भूमीवर टेकले आहे. १७७६ पासून १९९४ पर्यंत स्पेन, मेक्सिको व अमेरिका या तीन सत्तांनी येथे आळीपाळीने ठाणे ठेवले. शहर चहूकडून वाढत असताना ही जमीन मोकळी राहिली, याचे श्रेय निसर्गप्रेमापेक्षा लष्करी पहाऱ्याला अधिक आहे.

व्यवहारात यास राष्ट्रीय उद्यान म्हणतात. कायद्याने तो गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा एक भाग आहे. योसेमिटी किंवा यलोस्टोनचा दर्जा त्याला नाही. जुन्या बराकींत कंपन्यांची कार्यालये, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत भाडेकरू, मधूनच शाळा आणि हॉटेल असा देखावा पाहून नवखा प्रवासी बुचकळ्यात पडतो, त्याचे कारण पुढे येईल.

स्थापना : येथे मूळ वस्ती रामायतुश ओलोनी लोकांपैकी येलामू गटाची. त्यांच्याविषयीची बहुतेक माहिती मिशनच्या (स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या ठाण्याच्या) बाप्तिस्मा-नोंदींतून काढलेली आहे, आणि त्या नोंदी लोक विस्थापित होत असतानाच्या आहेत, हे विसरून चालत नाही.

स्थापनेची म्हणून चार तरी तारखा दिल्या जातात. हुआन बाउतिस्ता दे आन्सा याने २७ मार्च १७७६ रोजी आजच्या माउंटन लेकच्या काठी तळ दिला आणि दुसऱ्या दिवशी सामुद्रधुनीच्या मुखावरील कांतिल ब्लांको या पांढऱ्या कड्यावर क्रूस उभारून जागा मुक्रर केली. प्रत्यक्ष वसाहतवाले आले ते होसे होआकिन मोरागा या त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याबरोबर, २७ जूनला. आन्सा स्वतः तोवर परत गेला होता. आधी मंडळी आजच्या मिशन डोलोरेसच्या परिसरात उतरली. जुलैअखेरीस काहीजण प्रेसिडिओच्या जागी सरकले, ऑगस्टमध्ये सान कार्लोस हे जहाज सामान घेऊन पोहोचले, आणि १७ सप्टेंबरला, संत फ्रान्सिसच्या क्षतचिन्हांच्या सणाच्या दिवशी, जमिनीचा विधिपूर्वक ताबा घेण्यात आला. शहराचा वाढदिवस जूनअखेरीस साजरा करण्याची रूढी आहे. लष्करी ठाण्याची स्थापना म्हणून मात्र १७ सप्टेंबर हीच तारीख धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ठाणे कड्यावर नव्हे, तर आत वाऱ्यापासून काहीशा आडोशाच्या, पाणी जवळ असलेल्या उतारावर बांधले गेले.

आन्साने क्रूस उभारला ती जागा आज पाहता येत नाही. १७९४ मध्ये त्या कड्यावर कास्तिल्यो दे सान होआकिन हा तोफांचा छोटा कोट झाला. पुढे अमेरिकी अभियंत्यांनी फोर्ट पॉइंट किल्ल्यासाठी (१८५३–६१) सु. ९० फूट उंचीचा तो कडाच कापून जवळपास पाण्याच्या पातळीला आणला. तोफेचा गोळा पाण्यावरून टप्पे घेत जहाजाच्या पोटात घुसावा, तर तोफांची सर्वांत खालची रांग पाण्यालगत हवी, असा त्यामागचा हिशेब होता. किल्ल्यावरून शत्रूवर एकही गोळा डागला गेला नाही.

मातीच्या भिंतींचा काळ : ऑफिसर्स क्लब या इमारतीत कच्च्या मातीच्या विटांच्या जाड भिंती उघड्या ठेवल्या आहेत. त्या १७७६ च्याच असून ही शहरातील सर्वांत जुनी इमारत, असे जुन्या मार्गदर्शिका ठासून सांगत. त्यास आधार थोडा. ब्रिटिश नाविक जॉर्ज व्हँकूव्हर १७९२ च्या नोव्हेंबरमध्ये येथे आला, तेव्हा ठाण्याच्या चौकोनाच्या तीनच बाजूंना भिंत होती, चौथी बाजू उघडीच होती. येथील हिवाळी पावसात आणि खारट धुक्यात मातीची वीट टिकत नाही. छप्पर गळले, की भिंत पायापासून विरघळू लागते. लाकूड व चुना दोन्ही तुटपुंजे, त्यामुळे डागडुजी ही नित्याची बाब. भर म्हणून १८०८ व १८१२ चे भूकंप. १९९३ मध्ये जमिनीखालील इंधनाची टाकी काढताना पायाचे दगड लागले आणि त्यानंतरच्या उत्खननांतून असे दिसले, की १८१५ च्या सुमारास चौक पूर्वीपेक्षा बराच मोठा करून बांधला गेला. आजच्या भिंतींचा मोठा भाग या बांधणीचा असावा, विटांच्या काही ओळी त्याआधीच्या असणे अशक्य नाही. अभ्यासकांचा कल अलीकडे इकडेच आहे. बाहेरून दिसणारा ‘स्पॅनिश’ थाट तर १९३४ च्या नूतनीकरणातला. जुनेपणा पाहायचा, तर दर्शनी कमानीकडे न पाहता आत जाऊन भिंतीतील झरोक्यांतून विटा पाहाव्यात : मधला मातीचा थर आणि विटांतील गवताच्या काड्या तेथे स्पष्ट दिसतात.

मेक्सिकन काळाविषयी (सु. १८२२–४६) माहिती त्रोटक आहे. १८३५ मध्ये मारियानो वाल्येहो या मेक्सिकन सेनाधिकाऱ्याने शिबंदी सोनोमाला हलवली आणि ठाणे जवळपास ओस पडले. एल पोलिन झऱ्याच्या आसपासच्या घरांचे अवशेष व तेथे राहिलेल्या ब्रिओनेस कुटुंबाचा इतिहास हा या काळाचा सर्वांत बोलका पुरावा.

अमेरिकी तळ : १८४६ मध्ये अमेरिकी ताबा आला व १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांच्या आदेशाने ही जमीन लष्करासाठी राखून ठेवण्यात आली. तेव्हा येथे झाड जवळपास नव्हतेच; वाळूच्या टेकड्या, गवत आणि झुडपे. आजचे दाट ‘जंगल’ हे मेजर विल्यम जोन्स याच्या १८८३ च्या आराखड्याचे फळ आहे. टेकड्यांचे माथे, सीमा व प्रवेशद्वारे यांवर निलगिरी, माँटेरी सायप्रस व माँटेरी पाइन लावायचे, म्हणजे वारा अडेल, वाळू थांबेल आणि तळ शहरापासून वेगळा व आहे त्याहून मोठा भासेल, असा त्याचा हेतू होता. झाडे कवायतीसारखी रांगेत आणि फार जवळजवळ लागली. एकाच पिढीची असल्याने ती एकदमच म्हातारी होत आहेत. वादळात रांगच्या रांग आडवी होते. म्हणून आता वन टप्प्याटप्प्याने तोडून पुन्हा लावले जाते. तोडलेल्या सायप्रसच्या खोडांतून शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी याने ‘स्पायर’ (२००८) हा मनोरा रचला. २०२० मध्ये तो आगीत होरपळला, पण उभा आहे.

राष्ट्रीय उद्यान सेवा १९१६ मध्ये स्थापन होण्यापूर्वी योसेमिटी व सिकोया येथील उद्यानांची राखण करण्यास उन्हाळ्यात येथूनच घोडदळ जाई. १९०३ मध्ये कॅप्टन चार्ल्स यंग याच्या हाताखालील कृष्णवर्णीय तुकड्या सिकोयाला गेल्या होत्या. १९०६ च्या भूकंपानंतर बेघरांच्या छावण्या येथे पडल्या. क्रिसी फील्ड हा विमानतळ १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धातील दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. नोव्हेंबर १९४१ मध्ये क्रिसी फील्डवरील ६४० क्रमांकाच्या इमारतीत जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांसाठी गुप्त भाषाशाळा सुरू झाली. काही महिन्यांतच त्याच तळावरून जनरल जॉन डेविट याने अशाच सैनिकांच्या कुटुंबांना पश्चिम किनाऱ्यावरून हुसकावण्याचे हुकूम काढले. ती इमारत आता संग्रहालय आहे. उघडण्याचे दिवस मोजके.

तळाचे उद्यान : १९७२ मध्ये मनोरंजन क्षेत्राचा कायदा करताना अमेरिकी काँग्रेसचे (संसदेचे) सदस्य फिलिप बर्टन यांनी त्यात एक कलम घालून ठेवले : लष्कराला प्रेसिडिओ नकोसा झाला, तर तो उद्यान सेवेकडे जाईल. तेव्हा लष्कर कधी हलेल असे कोणास वाटले नव्हते. लष्करी तळ बंद करण्यासाठी नेमलेल्या १९८८ च्या आयोगाने प्रेसिडिओचे नाव यादीत घातले आणि १ ऑक्टोबर १९९४ रोजी हस्तांतर झाले. अडचण खर्चाची होती. सु. ८०० इमारती, त्यांतील निम्म्याहून अधिक ऐतिहासिक, जुन्या जलवाहिन्या, जमिनीत मुरलेले इंधन व शिसे हे सारे पोसणे उद्यान सेवेच्या आवाक्याबाहेरचे होते.

१९९६ च्या कायद्याने प्रेसिडिओ ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली. किनारपट्टीचा सु. २० टक्के भाग उद्यान सेवेकडे राहिला, आतील सु. ८० टक्के १९९८ पासून ट्रस्टकडे आला. ट्रस्टने इमारती दुरुस्त करून भाड्याने द्याव्यात व २०१३ पर्यंत स्वावलंबी व्हावे. न जमल्यास जमीन विक्रीस निघेल, अशी अट होती. स्वावलंबनाची अट पुरी झाली. म्हणजे बराकींमधील कार्यालये हे अतिक्रमण नसून उद्यानाचा चरितार्थ आहे. लेटरमन या लष्करी इस्पितळाच्या जागी २००५ मध्ये ल्यूकासफिल्म या चित्रपट कंपनीचे संकुल आले, तेव्हा टीका झाली. त्या भाड्यावरच बरीच दुरुस्ती पार पडली, हेही खरे.

निसर्ग : पुलाजवळच्या कड्यांत सर्पेंटाइन हा हिरवट खडक उघडा पडतो. त्याच्या मातीत कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम व निकेल जास्त. सामान्य रोपे तग धरत नाहीत, म्हणून स्पर्धा नसलेल्या दुर्मिळ वनस्पती तेथे टिकल्या. रेव्हन्स मँझानिटाचे एकच नैसर्गिक झुडूप उरले असून त्याची जागा जाहीर केली जात नाही. फ्रान्सिस्कन मँझानिटा निसर्गातून नष्ट झाला असे समजले जाई; २००९ मध्ये महामार्गाच्या कामात पुलाजवळच त्याचे एक झुडूप सापडले व मुळांच्या मातीच्या गोळ्यासकट हलवण्यात आले. झर्सीज ब्लू हे फुलपाखरू मात्र १९४० च्या दशकारंभी येथील वाळूच्या टेकड्यांवरून कायमचे गेले.

क्रिसी फील्डची पाणथळ जागा १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बुजवली होती. भराव उपसून सु. २० एकरांचे खाजण १९९९–२००१ मध्ये पुन्हा तयार केले. त्याचे समुद्राकडील तोंड वाळूने अधूनमधून बंद होते. खाजण लहान पडते, ओहोटीला बाहेर पडणाऱ्या पाण्यात वाळू ढकलून नेण्याएवढा जोर राहत नाही. मग यंत्राने तोंड उघडावे लागते. २०२० मध्ये महामार्गाखालून आणखी ७ एकर जोडून टेनेसी हॉलो ओढ्याचे गोडे पाणी खाजणास मिळवून दिले.

भेट : प्रवेशशुल्क नाही व फाटकही नाही. गाडी ठेवण्यास मात्र बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. काचा फोडून चोऱ्या होतात, तेव्हा आसनावर रिकामी पिशवीदेखील ठेवू नये. शहर बसपैकी २८ पुलाच्या चौकात, २९ बेकर बीचकडे व ४३ लेटरमन भागात जाते. आत फिरण्यास ट्रस्टची प्रेसिडिओ गो ही बस आहे.

ऋतूबाबत बाहेरचे प्रवासी हमखास फसतात. जून ते ऑगस्ट हा येथील थंड व धुक्याचा काळ. आतल्या खोऱ्यांत तापलेली हवा वर चढली, की समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून ओढली जाते. दुपारनंतर पुलाचे मनोरेही दिसेनासे होतात. फ्रीमाँट-सनीव्हेल या आतल्या, उबदार शहरांकडची मराठी मंडळी पाहुण्यांना भर उन्हाळ्यातही स्वेटर घ्यायला लावतात, ते यामुळे. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत स्वच्छ.

अर्ध्या दिवसात पाहायचे, तर मेन पोस्ट या तळाच्या जुन्या मध्यवर्ती भागातील माहिती केंद्रापासून निघून टनेल टॉप्सवरून खाली उतरावे. १९३६ च्या डॉइल ड्राइव्ह या उड्डाणमार्गाने मेन पोस्ट व किनारा यांची ताटातूट केली होती. तो पाडून रस्ता बोगद्यांत घातला आणि माथ्यावर १४ एकरांची ही बाग जुलै २०२२ मध्ये खुली झाली. तेथून क्रिसी फील्डची सपाट किनारवाट पश्चिमेकडे फोर्ट पॉइंटपर्यंत जाते. वारा पश्चिमेचा, म्हणून जाताना तोंडावर येतो. सकाळी तो कमी असतो. किल्ला आठवड्यातून काही दिवसच उघडतो. त्याच्यावरून पुलाची एक वेगळी पोलादी कमान गेली आहे. किल्ला वाचावा म्हणून पुलाचे मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी ती घातली. तेथून पुलाच्या चौकाकडे जाणारी वाट पायऱ्यांची व चढाची आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आल्या वाटेने परतून बस धरावी.

पुलाच्या दक्षिणेकडील बॅटरीज टू ब्लफ्स वाट सर्वांत देखणी आणि सर्वांत अवघडही. सर्पेंटाइनचा कडा भुसभुशीत असून पावसाळ्यात, म्हणजे येथे हिवाळ्यात, घसरतो. कुंपणापलीकडे पाय टाकू नये. कडेला तीन-तीन पानांचे पॉयझन ओक असते. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, निष्पर्ण फांदीनेही. बेकर बीचवर पोहू नये : पाणी थंड व समुद्राकडे खेचणारी ओढ जबरदस्त. त्याच्या उत्तर टोकास लोक विवस्त्र बसतात, सहकुटुंब जाणाऱ्यांनी दक्षिणेकडचा भाग धरावा. येथील बॅटरी चेंबरलिन या तोफांच्या मोर्चात ६ इंची लपती तोफ आहे. डागल्यावर धक्क्यानेच तिची नळी भिंतीआड खाली बसते व गोळा तेथे भरला जातो. स्वयंसेवक ती यंत्रणा महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी चालवून दाखवतात.

कुत्रे बरोबर असल्यास दोन बंधने आहेत. क्रिसी फील्डच्या पश्चिम भागात स्नोई प्लोव्हर पक्ष्यांसाठी जुलै ते मेच्या मध्यापर्यंत दोरी सक्तीची, आणि कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यांच्या विणीच्या हंगामात आतील काही वाटा कुत्र्यांना बंद. रात्री मुक्कामाला तंबू ठोकण्याची जागा एकच, रॉब हिल. तेथे चारच गटांची सोय, प्रत्येकी ३० जणांपर्यंत, तीही हिवाळ्यात बंद. आरक्षण सुरू होताच ती भरते.