पाळी पुढे ढकलायची आहे? आधी हे वाचा

गौरी-गणपती, नवरात्र किंवा जोतिबाची चैत्र यात्रा जवळ आली, की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आवाज एकदम खाली येतात. "त्या गोळ्या द्या की." कुठल्या, ते आम्हाला कळतं. कधी एखादा भाचा कात्रीनं कापलेली पट्टी घेऊन येतो. दोन गोळ्या शिल्लक. नाव आणि मुदत कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली. त्यावरून आम्ही गोळी देत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तसा कायदाच आहे.

गोळीचं नाव नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. अंगातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरलं, की गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि पाळी येते. ही गोळी त्याचं काम चालू ठेवते. साधारणपणे दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून घेतात. म्हणजे तारीख १२ असेल तर ९ पासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि घोळ इथंच होतो. गौरी जेवल्या की गोळ्या बंद, मग अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडच्या गर्दीत पोटात कळा! बंद करायचा दिवसही आधीच मोजा. गोळी चुकली तर डाग पडतात.

पाळी सुरू झाल्यावर ती थांबवायला ही गोळी भरवशाची नाही. लिंबूपाण्यानंही काही होत नाही. ट्रॅनेक्झामिक ॲसिडनं रक्तस्राव कमी होतो, तारीख हलत नाही. माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना बहुधा वेगळ्या गोळीची गरजच नसते: शेवटच्या ७ लोहाच्या गोळ्या सोडून नवं पाकीट सुरू करता येतं. तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि हो, या काळात नॉरएथिस्टेरॉनवर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका.

पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, लिव्हरचा आजार असेल, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

मळमळ, पोट फुगणं, स्तन दुखरे होणं, चिडचिड एवढं होऊ शकतं. पण एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, नजर अंधूक असं झालं तर गोळी बंद करून थेट दवाखाना गाठा. गोळ्या थांबवून आठवडा झाला तरी पाळी नाही, तर गर्भतपासणी करा.

देवाला चालतं की नाही, हा प्रश्न आमच्या काउंटरचा नाही. तारखेच्या आठवडाभर आधी चिठ्ठी घेऊन या. दुपारी दोन ते चार काउंटरवर मी स्वतः असते, गर्दीही नसते.