नेपच्यून सापडला, पण कक्षा चुकली होती

1821 साली पॅरिसमध्ये युरेनसची (पंचांगांतल्या हर्षलची) कोष्टकं, म्हणजे तो केव्हा कुठे दिसेल याचे तक्ते, नव्याने तयार झाली. 1781 मध्ये शोध लागण्याआधी तारा समजून टिपलेले त्याचे वेध (दुर्बिणीतून मोजलेल्या जागा) नव्या वेधांशी जुळेनात, म्हणून ते सरळ गाळले गेले. तरी 1845 पर्यंत कोष्टकातली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक सुमारे 2 कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) गेला. आता कारण उघड दिसतं. 1822 च्या सुमारास युरेनस बाहेरच्या ग्रहाला, म्हणजे नेपच्यूनला, ओलांडून पुढे गेला; तोवर तो ग्रह त्याला पुढे ओढत होता, नंतर मागे खेचू लागला.

फरकावरून ग्रह शोधायचा तर त्याचं वस्तुमान, स्थान, विकेंद्रता (कक्षा किती लांबट ते) नि उपसूर्यबिंदू (कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू) काढायचे, शिवाय युरेनसची कक्षाही त्याच समीकरणांत दुरुस्त करायची. ओझं कमी व्हावं म्हणून केंब्रिज आणि पॅरिसच्या गणितींनी बोडच्या नियमाने (ग्रहांच्या अंतरांचा एक ठोकताळा) सूर्यापासूनचं अंतर 38.8 खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) धरून सुरुवात केली. पॅरिसचं अंतिम उत्तर 36.15 आलं. खरं अंतर 30.07.

23 सप्टेंबर 1846 ला पॅरिसचं हे भाकीत कळवणारं पत्र बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं आणि त्याच रात्री 9 इंची दुर्बीण लागली. एकाने ताऱ्यांच्या जागा सांगायच्या, दुसऱ्याने ताज्या छापलेल्या नकाशावर पडताळायच्या. आठव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप) एक तारा नकाशात नव्हता. भाकितापासून तो अंशभरही दूर नव्हता. दुसऱ्या रात्री सरकलेलाही दिसला. केंब्रिजच्या वेधशाळेच्या वहीत तो 4 आणि 12 ऑगस्टलाच उतरला होता, पण तिथे हा नकाशा नव्हता आणि वेध एकमेकांशी ताडून पाहायचे राहिले होते.

खरा वाद पुढचा. 1795 च्या मे महिन्यातले पॅरिसचे दोन वेध हाती आल्यावर खरी कक्षा कळली: प्रदक्षिणा 165 वर्षांची, भाकीत 217 चं. मग हा शोध की योगायोग? अमेरिकेतून 1847 मध्ये ‘योगायोग’ असाच शेरा आला. तो फार कडक वाटतो. गणितातली कक्षा लांबट होती, आणि ओढ जाणवत होती नेमक्या त्या वर्षांत ती सूर्यापासून 32-33 एककांपर्यंत आत येत होती; वस्तुमान खऱ्याच्या सुमारे दुप्पट आल्यामुळे उरलेली तूट भरून निघाली. दिशा बरोबर आली ती त्यामुळे. अर्थात 1800 ते 1850 सोडून इतर काळात हीच कक्षा ग्रहापासून बरीच दूर गेली असती.

बुधाचा उपसूर्यबिंदू शतकामागे 43 विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जास्त सरकतो, त्या फरकासाठी हीच युक्ती वापरली गेली, पण सूर्याजवळचा तो ग्रह सापडलाच नाही. उत्तर 1915 च्या आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात निघालं. 1930 चा प्लुटो युरेनसला ओढण्याइतका जड नाही. 1989 च्या यानभेटीनंतर नेपच्यूनचं वस्तुमान सुमारे अर्ध्या टक्क्याने सुधारलं, तेव्हा युरेनसचा उरलेला फरकही नाहीसा झाला.