बेकरीतील मालमांडणी व विक्री

भट्टीतून निघालेला पाव, केक, बिस्किटे व तत्सम पदार्थ किरकोळ दुकानातून थेट खाणाऱ्याच्या हाती देताना त्यांची निवड, मांडणी, प्रसिद्धी, किंमत आणि शिल्लक यांविषयी जे निर्णय घ्यावे लागतात, त्या सर्वांचा या विषयात समावेश होतो. बहुतेक किरकोळ व्यवसायांत माल बाहेरून येतो आणि गिऱ्हाईक येईपर्यंत थांबू शकतो. बेकरीत तो पुष्कळदा विक्रीच्याच छपराखाली तयार होतो आणि भट्टीबाहेर पडल्यापासून त्याची प्रत उतरू लागते. त्यामुळे या व्यवसायातील विक्रीचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी घड्याळापाशी येऊन ठेपतो : कोणता घाणा किती वाजता निघावा, तो किती वेळ शेल्फवर राहावा आणि उरलेल्याचे काय करावे.

पाव शिळा होतो म्हणजे सुकतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-बातिस्त बुसेंगो यांनी १८५२ मध्ये दाखवून दिले, की ओलावा उडून जाऊ दिला नाही तरीही पाव कडक होतो आणि पुन्हा गरम केल्यास काही काळ मऊ होतो. भाजताना पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व मऊ होतात. थंड झाल्यावर त्यांतील रेणू पुन्हा शिस्तबद्ध रचनेत बसू लागतात आणि पावाचा गाभा घट्ट होतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानात, म्हणजे साधारण ० ते ५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, सर्वांत वेगाने घडते; उणे १८ अंशांवर ती जवळजवळ थांबते. दुकानदारासाठी याचा अर्थ उघड आहे. क्रीमचे केक व पेस्ट्री शीतकपाटात ठेवणे सुरक्षिततेसाठी अनिवार्य असते, परंतु जागा रिकामी दिसते म्हणून त्याच कपाटात पाव ठेवणे म्हणजे आपल्याच हाताने तो शिळा करणे होय. वेष्टनाच्या बाबतीतही हाच विवेक लागतो. कागदी पिशवीत कडक सालीचा पाव कुरकुरीत राहतो पण गाभा लवकर सुकतो; प्लॅस्टिकच्या पिशवीत गाभा मऊ राहतो पण साल लिबलिबीत होते. गरम पाव प्लॅस्टिकमध्ये घातल्यास आत वाफ धरते व बुरशीला वाव मिळतो, तर गरम असतानाच त्याचे काप केल्यास गाभा चिकटून फाटतो. म्हणून ‘गरम पाव’ आणि ‘कापलेला पाव’ ही दोन्ही आश्वासने एकाच पावाविषयी देता येत नाहीत.

पावावर बनवणाऱ्याची ओळख उमटवण्याची पद्धत फार जुनी आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन नगरात एक कोळसा झालेला पाव सापडला. त्यावर क्विंटस ग्रानियस व्हेरस याच्या सेलर नावाच्या गुलामाचा शिक्का आहे. इंग्लंडमध्ये १२६६ च्या सुमारास पावाचे वजन व दर ठरवून देणारा कायदा आला आणि वजनात कमी भरणाऱ्या बेकऱ्यांना शिक्षा होऊ लागल्या. डझनामागे तेरावा नग देण्याची चाल त्या धास्तीतून पडली असे सामान्यतः मानले जाते. ओट्टो रोव्हेडर यांच्या यंत्राने कापलेला पाव ७ जुलै १९२८ रोजी अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या चिलिकॉथी येथे प्रथम विक्रीस आला. त्या पावात चवीच्या दृष्टीने नवे काही नव्हते. घरी सुरी चालवण्याचे कष्ट वाचले, एवढ्यावर तो खपला.

मांडणीत पहिले तत्त्व भरगच्चपणाचे आहे. मोठ्या ट्रेमध्ये उरलेले तीन बन ताजे असले तरी कोणी नाकारलेले वाटतात. तेच लहान टोपलीत काढून ठेवले की नुकतेच आणल्यासारखे दिसतात. त्यामुळे अनुभवी विक्रेते दिवस उतरू लागला की माल एकत्र करतात, भांडी लहान करतात आणि रिकामे शेल्फ झाकतात. जड पाव मागच्या भिंतीवर उभे किंवा तिरप्या फळ्यांवर ठेवतात, केक काचेच्या कपाटात नजरेच्या थोडे खाली येतात, आणि एकेका नगाने विकली जाणारी बिस्किटे, टोस्ट वा लहान केक गल्ल्याजवळ राहतात, कारण तेथे गिऱ्हाईक पैसे काढत थांबलेले असते. प्रत्येक प्रकारचा एक पाव कापून त्याचा गाभा दिसेल असा ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. सालीवरून आतली जाळी कळत नाही. प्रकाशाचाही परिणाम मोठा असतो. साधारण २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश सालीचा तपकिरी रंग खुलवतो, तर निळसर पांढऱ्या दिव्याखाली तोच पाव फिकट व कच्चा भासतो.

ताज्या पावाचा वास ही बेकरीची स्वाभाविक जाहिरात आहे. सालीचा रंग आणि बराचसा वास साखर व अमिनो आम्ले यांच्यातील उष्णतेने होणाऱ्या क्रियेतून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मैयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. त्यामुळे सगळा माल पहाटेच भाजून मोकळे होण्यापेक्षा शेवटचे एकदोन लहान घाणे गर्दीच्या वेळेच्या थोडे आधी काढणे श्रेयस्कर ठरते, आणि त्या वेळा दारावरच्या फळ्यावर किंवा समाजमाध्यमांवर नियमित कळवल्यास लोक त्या धरून येतात. कृत्रिम सुगंध फवारून हाच परिणाम साधण्याची पद्धतही आढळते, पण ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. फ्रान्समध्ये तर १९९८ च्या कायद्यानुसार पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंतची कामे विक्रीच्या जागीच करणाऱ्यालाच दुकानाला ‘बुलांजरी’ (फ्रेंचमध्ये पावाची बेकरी) म्हणता येते; बाहेरून आलेला गोठवलेला गोळा नुसता भाजून विकणाऱ्याला ते नाव वापरता येत नाही.

पदार्थाजवळच्या चिठ्ठीवर नाव, वजन, किंमत आणि मुख्य घटक असावेत. गहू, दूध, अंडी, तीळ, सोयाबीन व बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळे यांची काहींना तीव्र ॲलर्जी असते, म्हणून त्यांचा उल्लेख ठळकपणे करणे आवश्यक आहे. युरोपीय संघात अशा १४ घटकांची माहिती डिसेंबर २०१४ पासून सुट्या मालासाठीही बंधनकारक आहे.

किती भाजावे, हा सर्वांत कठीण प्रश्न. समजा, एका पावाचा खर्च ४ भाग आणि विक्री १० भाग आहे. गिऱ्हाईक रिकाम्या हाती परतले तर ६ भागांचा नफा बुडतो. पाव उरला तर ४ भाग वाया जातात. गणिताने असे निघते, की ६ भागिले (६ अधिक ४), म्हणजे शंभरांपैकी ६० दिवस मागणी पूर्ण होईल इतका माल काढावा आणि उरलेल्या दिवशी तो संपू द्यावा. उरलेल्या पावाचा टोस्ट करून १ भाग सुटत असेल, तर तोटा ३ वर येतो आणि हे प्रमाण, म्हणजे ६ भागिले (६ अधिक ३), शंभरांत सुमारे ६७ पर्यंत चढते. मात्र नेहमीचा पाव दोनदा न मिळालेले गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येईलच असे नाही. हे नुकसान वहीत दिसत नाही. म्हणून रोजचा पाव सढळ हाताने आणि हौसेचे केक हात राखून काढणे योग्य ठरते.

उरलेल्या मालाचा टोस्ट, पावाचा चुरा वा पुडिंग होते. सुस्थितीतला माल गरजूंना दिला जातो. बंद होण्याआधी ठरावीक वेळी किंमत उतरवली तर शिल्लक संपते, परंतु ती वेळ रोजची झाली की भर किमतीला घेणारेही तोवर थांबू लागतात. म्हणून सवलत ताज्या मालावर न देता कालच्या मालावर, वेगळ्या टोपलीत, ‘कालचा’ अशी स्पष्ट चिठ्ठी लावून द्यावी. वाढदिवसाच्या व समारंभाच्या केकची नोंदणी आगाऊ रक्कम घेऊन केल्यास त्या मालाला शिल्लकच राहत नाही. नोंदवहीत तारीख, वजन, केकवर लिहायचा मजकूर आणि अंडे चालते की नाही हे ग्राहकासमोरच लिहून त्याला वाचून दाखवावे, कारण नावाच्या लेखनातली एक चूक पूर्ण केक वाया घालवते.