बाण असलेलं फोल्डर

खानापूरच्या तहसील कचेरीजवळ झेरॉक्सची दुकानं आहेत. उताऱ्याची प्रिंट, आधारची प्रत, पोरांचे परीक्षेचे अर्ज, सगळं तिथंच होतं. मीही एकदा तिथून पेनड्राइव्ह घेऊन घरी आलो आणि कॉम्प्युटरला लावला. फोल्डरं जागच्या जागी होती, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीकसा वळलेला बाण. 'जमिनीची कागदं' या फोल्डरच्या पुढं आकार दिसत होता २ केबी. स्कॅन केलेली पंचवीस पानं २ केबीत मावतात होय?

बाण म्हणजे शॉर्टकट, दुसरीकडच्या फाइलकडं नेणारी नुसती खूण. खरी फोल्डरं व्हायरसनं पुसलेली नसतात, 'हिडन' करून लपवलेली असतात. त्यांच्या जागी त्याच नावाचे, त्याच पिवळ्या चित्राचे शॉर्टकट बसवलेले असतात. त्यावर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो, आणि सोबत खरं फोल्डरही उघडतं. सगळी हुशारी या दुसऱ्या अर्ध्यात आहे. काम अडत नाही, म्हणून शंका येत नाही. तेवढ्यात तो कॉम्प्युटरवर मुक्काम ठोकतो आणि पुढं लागणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हला चिकटतो. दुकानदाराला तरी काय बोलणार? गावोगावचे पेनड्राइव्ह त्याच एका मशीनला लागतात.

ही वाट जुनीच. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून पसरला. पीसीवरचा पहिला व्हायरस तोच मानतात. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! २००० च्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' नावाची ईमेल जगभर फिरली. सोबतच्या फाइलच्या नावाअखेर आधी 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर, आणि मग 'व्हीबीएस', म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, असं होतं. विंडोज शेवटचं शेपूट लपवतं, त्यामुळं लोकांना ती साधी चिठ्ठी वाटली. उघडली की ती पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना आपोआप जायची, आणि ओळखीच्या माणसाकडून आलेली चिठ्ठी कोण उघडणार नाही?

सगळ्या व्हायरसना क्लिक लागतंच असंही नाही. १२ मे २०१७ ला सुटलेला 'वॉनाक्राय' विंडोजमधल्या एका भोकातून एका मशीनमधून दुसऱ्यात आपणहून शिरत गेला. फायली कुलूपबंद करून तो बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागायचा. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं. 'अपडेट नंतर करू' म्हणणाऱ्यांना त्यानं गाठलं. आपल्याकडं फुकटात टाकून घेतलेलं विंडोज असतं, त्याचं अपडेट बंद करून ठेवायची सवय आहे, तिची मला जास्त भीती वाटते.

पण हल्ली मुख्य दार मोबाइल. तुळशीचं लग्न झालं की पत्रिका सुरू होतात, त्यात व्हॉट्सअॅपवर एखादी फाइल येते. नाव 'लग्नपत्रिका', शेवटी 'एपीके'. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अॅप. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, अॅप कशाला असेल? टाकलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण 'अलाऊ' म्हटलं की बँकेचा ओटीपी चोराच्या हातात. शेवटचं बटण आपणच दाबतो. पाठवणारा नंबर ओळखीचा असला तरी भरवसा नाही, कारण त्याचाच फोन आधी बळी पडलेला असू शकतो. चुकून टाकलंच तर आधी इंटरनेट बंद करायचं, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवायचं. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.

वडगावात आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, घरी यंत्रमाग. अशीच पत्रिका त्यांना आली. मागाच्या खडखडाटात त्यांनी फोन माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "पत्रिका बघायला इन्स्टॉल कशाला करायचं गा?"